ते एक मत कुणाचे?

महोदय,

अमेरिकेतील कूपरस्टाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे या खेळातील दिग्गजांच्या सन्मान-दालनासाठी, 2025 साली जपानचा बेसबॉलपटू इचिरो सुझुकी निवडला गेला, तोही पत्रकारांच्या 394 पैकी 393 मतांनी. निवडीला 75 टक्के मते पुरतात, त्यामुळे निकालात फरक पडला नाही. पण नकार देणारा तो पत्रकार कोण, हे गुलदस्त्यातच राहिले. इचिरोने तर त्याला घरी प्यायला बोलावले! मतपत्रिका खुल्या कराव्यात, असा ठराव मतदार पत्रकारांच्या संघटनेनेच 2016 मध्ये केला होता. हॉलच्या व्यवस्थापनाने तो फेटाळला. ही काही विधानसभेची निवडणूक नव्हे, की मत गुप्तच राहायला हवे. पत्रकारांच्या संघटनेत दहा वर्षे काढल्यावरच मतदानाचा हा हक्क मिळतो. एरवी खेळाडूंच्या चुका नावानिशी छापणाऱ्यांना स्वतःचे मत सांगायला संकोच कसला?

– एक क्रीडाप्रेमी, ठाणे