कृती मिळते, माल उतरत नाही

संपादक महोदय,

संरक्षण प्रयोगशाळांतले तंत्रज्ञान स्थानिक लघुउद्योगांना द्या, अशी मागणी वरचेवर होते. रस्ता आजही आहे. डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या) यादीतून तंत्रज्ञान निवडायचे, अर्ज करायचा, क्षमतेची तपासणी झाली की परवाना करार करून शुल्क भरायचे, मग माल बनवण्याच्या कृतीचे कागद आणि प्रशिक्षण घ्यायचे. गाडे अडते ते त्यानंतर.

गंजरोधक इपॉक्सी रंगाचेच घ्या. मुंबईच्या खाऱ्या हवेत जेट्ट्या, पूल, टाक्या सगळ्यांना तो लागतो. रेझिन आणि त्याला घट्ट करणारे हार्डनर हे त्याचे दोन भाग अर्धा किलो मिसळले तर निघालेली उष्णता भांड्याबाहेर जाते. 20 किलोच्या डब्यात ती आतच कोंडते, मिश्रण वेळेआधी आळते आणि ब्रश बुडवण्याआधी डबा फुकट जातो. शिवाय बाजारातल्या स्वस्त रंगद्रव्यात विरघळणारे क्षार जास्त. ते थरातून पाणी ओढतात आणि फोड येतात. मिठाचे पाणी सतत फवारून रंग तपासणारी 1000 तासांची मीठ-फवारा चाचणी म्हणजे जवळजवळ 42 दिवस. आठशेव्या तासाला फोड दिसला की कृती सुधारून पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर कर्जाचे हप्ते चालूच.

उलट ‘नवरक्षक’ पीपीई, म्हणजे संसर्गापासून वाचवणारा पोशाख पाहा. कुलाब्याच्या नौदल वैद्यक संस्थेत तो तयार झाला आणि 2020 मध्येच एनआरडीसीने (राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळाने) पाच लघु-मध्यम उद्योगांना त्याचा परवाना दिला. कापडच पाणी अडवणारे आणि हवा खेळू देणारे, त्यामुळे शिवणीवर टेप चिकटवण्याचे महागडे यंत्र नको. गाउन शिवणाऱ्या साध्या कारखान्यालाही जमेल असे काम. कारखान्यात जे यंत्र आहे त्यावर बसणारे संशोधनच लवकर बाहेर पडते.

संरक्षण खात्याच्या तंत्रज्ञान विकास निधीतून 50 कोटींपर्यंत मदत मिळते खरी, पण ती लष्कराला हव्या असलेल्या वस्तूंसाठी. नागरी बाजारासाठी माल काढणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

नौदलाच्या रंग-लेपांवर काम करणारी प्रयोगशाळा अंबरनाथलाच आहे आणि शेजारी एमआयडीसी. तिथे 50 ते 100 लिटरची सामाईक चाचणी-मिश्रण टाकी आणि भाड्याने मिळणारा मीठ-फवारा कक्ष उभारावा. कृतीच्या कागदात क्षार आणि ओलाव्याची मर्यादा, मोठ्या मिश्रणाचे कमाल तापमान आणि मिसळल्यावर किती मिनिटांत वापरायचे, हे लिहून द्यावे. निम्मे शुल्क कारखान्यात काढलेला नमुना उत्तीर्ण झाल्यावरच घ्यावे.

– रंगलेप क्षेत्रातील एक अभियंता, मुलुंड, मुंबई