मावशी, तुम्ही मला भिंतीवर लिहायला लावलंत

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची लेक तुम्हाला वाचून दाखवेल तेव्हा तुमचं शिलाई मशीन चालूच असेल, कारण एप्रिल-मे म्हणजे आपल्या सोलापुरात गणवेशांचा हंगाम. चालू द्या. आभार मला घरी येऊनही मानता आले असते, पण तुम्ही ‘बरं बरं, चहा घे’ म्हणून विषय मिटवला असता. शिवाय शिक्षकभरतीच्या मुलाखतीला निघालेल्या मुली अजूनही एकमेकींना तेच विचारताना दिसतात, जे गेल्या उन्हाळ्यात मी विचारत फिरत होते: साडी नेसू की ड्रेस घालू?

शिक्षकभरतीच्या अभियोग्यता चाचणीच्या २०० गुणांसाठी रात्री जागवत होते तेव्हा कुणी सल्ला द्यायला आलं नव्हतं. सरकारच्या शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवरून खासगी संस्थेच्या मुलाखतीसाठी नाव लागलं आणि सगळ्यांना एकदम वाचा फुटली. आत्याचं म्हणणं, काठापदराचीच हवी, ‘बाई’ दिसली पाहिजे. वहिनीनं तिची रेशमी साडी काढून ठेवली. हिंजवडीतली मावसबहीण फोनवर म्हणाली, ब्लेझर घे, आत्मविश्वास येतो. सोलापूरच्या मे महिन्यात ब्लेझर! बी.एड.च्या मैत्रिणीनं शासनाचं १५ मार्च २०२४ चं परिपत्रक पाठवलं. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता, दुपट्टा. शिक्षकांनी शर्ट-पँट, शर्ट खोचलेला. जीन्स, टी-शर्ट नको. गडद रंग आणि चित्रविचित्र नक्षी नको. ते नोकरीत असलेल्यांसाठी, पण संस्थाचालकही ते वाचतातच, म्हणून मी पाठ केलं. त्यात साडीही चालत होती, ड्रेसही चालत होता आणि माझा घोळ होता तिथंच राहिला. (माझ्याबरोबर नाव लागलेल्या वर्गमित्राचं ‘पांढरा शर्ट, काळी पँट’ एवढ्यावर भागलं. त्याला कुणी काही विचारलंसुद्धा नाही.)

तुमच्याकडे मी सल्ल्यासाठी आलेच नव्हते. वहिनीच्या साडीवरचा ब्लाउज मला सैल होत होता, तो आत घ्यायचा होता. तुम्ही तो हातात धरलात आणि विचारलंत, “तिथं जाऊन काय करायचंय?”

“मुलाखत आहे, मावशी.”

“ते कळलं गं. बसायचंय का उभारायचंय?”

तोवर मला हे कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं की आधी पाठ घ्यायचा आहे. फळ्याच्या वरच्या बाजूला वार, दिनांक, विषय, घटक लिहायचं, लिहिताना मुलांकडे पाठ करायची नाही, थोडं तिरकं उभं राहायचं, मग मुलांमधून फिरायचं, कुणाच्या वहीत वाकून बघायचं, आणि हे झालं की समितीसमोर बसायचं. तुम्ही मला आतल्या खोलीत साडी नेसून यायला सांगितलंत. बाहेर आले तर कापडावर खुणा करायचा खडू पुढे केलात. “लिही भिंतीवर. हात पोचतो तिथवर.”

वार लिहून होईपर्यंत माझा डावा हात पदरावर गेला होता. रेशीम खांद्यावरून घसरत होतं, पिन लावली तर ती ओढत होती, ब्लाउज वर सरकत होता आणि बांगड्या प्रत्येक अक्षराला वाजत होत्या. साडीला मी नावं ठेवत नाही. माझी आजी नऊवारीत खुरपायला जायची, रोज नेसणारीला साडीचं भानही राहत नाही. पण मी ती लग्नकार्यापुरती नेसणारी. “ध्यान पोरांकडं पायजे, पदराकडं न्हाई,” एवढंच म्हणून तुम्ही साडीची घडी घालून टाकलीत. नवा ड्रेस घेते म्हटलं तर त्यालाही नकार. “अंगवळणी पडलेला आण.”

मी माझे कुर्ते आणले आणि तुम्ही प्रत्येकाच्या आतल्या बाजूला पाण्याचं बोट लावून बघितलंत. राखाडी आणि आकाशी रंगावर डाग लगेच उठला, म्हणजे घामही तसाच दिसणार. फिकट पिस्त्यावरच्या बारीक बुट्टीत तो कुठं आहे हे शोधावं लागलं. गडद निळा मला आवडायचा, पण त्याच्यावर खडूची धूळ बसते हे तुम्ही बाही झटकून दाखवलंत.

पिस्ता कुर्ता घालून मी पुन्हा भिंतीपाशी उभी राहिले. हात वर केला आणि अख्खा कुर्ता कमरेवर आला. तेव्हा तुम्ही मला मुंढ्याचं, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईचं, गणित सांगितलंत, जे बी.एड.च्या कुठल्या पुस्तकात नाही. रेडिमेडचा मुंढा खोल कापतात, म्हणजे तो बारीक-जाड सगळ्यांना चढतो. पण मुंढा जितका खाली, तितका हात वर नेताना कुर्ता सोबत ओढला जातो. हात मोकळा हवा तर मुंढा बगलेशी हवा आणि बाहीला दंडात घेर हवा. सैल कपडा आणि मोकळा कपडा या दोन गोष्टी आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. तुम्ही बगलेतली शिवण उसवलीत, खालच्या दुमडीतून कापड काढलंत, क्रॉसमध्ये, म्हणजे तिरकं, कापलंत आणि शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा दोन्ही बगलांत बसवलात. बाहीच्या शिवणीत थोडी माया, म्हणजे जादा कापड, होती तीही सोडलीत. पुन्हा हात वर केला तर कुर्ता जागच्या जागी.

ओढणी दोन्ही खांद्यांवर पिना लावून, मागून मोकळी. बांगड्यांऐवजी घड्याळ. चप्पल मागून पट्टा असलेली, शहाबादी फरशीवर न वाजणारी. या सगळ्याचे तुम्ही चाळीस रुपये घेतलेत, तेही मी हातात कोंबले म्हणून.

आणि निघताना म्हणालात, पिशवीत एक जोड वेगळा ठेव, एसटीत कधी काय सांडेल सांगता येत नाही. सावित्रीबाई शाळेत जाताना दुसरं लुगडं बरोबर ठेवत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते मनात आलं आणि माझं मलाच हसू आलं. त्यांच्यावर लोक शेण फेकत होते. मला धोका होता तो शेजारच्या सीटवरल्या पोराच्या आंब्याच्या ज्यूसचा.

मुलाखतीचं फार सांगण्यासारखं नाही. बाहेरच्या बाकावर जरीच्या साड्याही होत्या, ड्रेसही होते. एक जरीची साडी नेसलेली ताई पाठ घेऊन आली ती इतकी सहज, की तिला तुमची काहीच गरज नसावी. माझा पाठ अपूर्णांकांचा होता. फळा उंच होता. वार, दिनांक, विषय, घटक लिहिलं, वळले, आणि पुढे बसलेल्या एका मुलानं पोळीच्या वाटण्यांवरून भांडण काढलं, त्यातच माझी वेळ संपली. घरी येऊन आरशात बघितलं तेव्हा आठवलं की दिवसभर आपण काय घातलंय हे डोक्यातच आलं नव्हतं. समितीतही कपड्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. नोकरी कुर्त्यामुळे लागली असं मी म्हणणार नाही, तुम्हालाही ते पटणार नाही. पण पाठ मी पूर्ण मन लावून घेऊ शकले. त्याबद्दल मनापासून आभार.

आता एक काम आहे. वर्गात प्रश्न विचारला की मुलगे हात सरळ वर करतात. आठवी-नववीच्या मुली कोपर अंगाशी धरून नुसती बोटं वर करतात. शाळेत सगळे म्हणतात, मुली लाजतात. काही लाजतही असतील. पण मी एकीला हात पूर्ण वर करायला सांगितलं तर तिचा गणवेश माझ्या त्या कुर्त्यासारखाच वर आला आणि तिनं चटकन हात खाली घेतला. कारखान्यातून कापून आलेला माल तुम्ही नगावर शिवता, त्या कटिंगवर तुमचं काही चालत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच मुख्याध्यापिकांशी बोलले. मुलींच्या गणवेशाचं कापड यंदा अजून कापायला दिलेलं नाही आणि तुम्हाला बोलवायला त्यांची हरकत नाही.

शनिवारी शाळा सकाळची असते. परीक्षा संपायच्या आत एक दिवस टेप घेऊन या. एसटीचं तिकीट मी काढणार. बायकांना अर्धंच आहे, त्यावरून वाद नको. शिलाईचा दर मात्र तुम्ही सांगायचा, आणि चाळीस रुपये सांगायचा नाही.

तुमची,
बोळाच्या तोंडाशी राहणारी