सोसायटी कोल्हापूरची, इमारत बेळगावची

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर, वडगाव, कुठल्याही अपार्टमेंटच्या मीटिंगला जाऊन बसा. पहिल्या पाच मिनिटांत ‘आपली सोसायटी’ हा शब्द कानावर येतो. मग कुणाच्या तरी पुण्याच्या मेहुण्याचा दाखला निघतो, आणि त्याच्या मागोमाग ‘डीम्ड कन्व्हेयन्स’. बिल्डर जागा नावावर करून देत नसेल तर उपनिबंधकाकडे अर्ज करून ती घेता येते, असे मेहुण्याने सांगितलेले असते. तो खोटे सांगत नाही, पण तो कायदा शिनोळीच्या पलीकडचा, म्हणजे महाराष्ट्रातला. आपल्याकडे ती सोय नाही. तिच्या भरवशावर थांबलेल्या इमारतींची वर्षे मात्र वाया जातात.

आपल्या इमारतींना लागू आहेत ते १९७२ चे कर्नाटकाचे दोन कायदे. एक अपार्टमेंट ओनरशिपचा, दुसरा फ्लॅट बांधून विकणाऱ्यावर बंधने घालणारा. त्यांच्या जोडीला २०१६ चा रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा केंद्राचा कायदा. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी काय केले जाते? सात जण सही करतात आणि १९६० च्या सोसायटीज रजिस्ट्रेशन कायद्याखाली संघ नोंदवतात. हे स्वस्त आणि झटपट होते, बँकेत खाते निघते, लेटरहेड छापून येते. पण हा कायदा वाचनालये, क्रीडामंडळे, शिक्षणसंस्थांसाठी आहे. अपार्टमेंट मालकांचा संघ त्याखाली बसत नाही, असे कर्नाटक उच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. अशा संघाला जमिनीत काडीचा हक्क मिळत नाही, आणि मेंटेनन्स थकवणाऱ्याच्या फ्लॅटवर बोजाही चढवता येत नाही. अपार्टमेंट कायद्यात थकबाकी हा त्या फ्लॅटवरचाच बोजा असतो, आणि जुनी बाकी नव्या खरेदीदाराच्याही अंगावर येते. त्यामुळे विकणारा ती चुकती करूनच जातो.

अपार्टमेंट कायद्यातला खरा कागद आहे तो ‘डिक्लेरेशन’, म्हणजे इमारत या कायद्याखाली आणल्याचे मालकाचे घोषणापत्र. जमिनीचे वर्णन, प्रत्येक फ्लॅटचा नंबर आणि क्षेत्रफळ, सामायिक जागा कोणत्या, त्यांत कुणाचा अविभक्त (न वाटलेला) हिस्सा किती टक्के, हे सगळे त्यात लिहायचे. सोबत बाय-लॉज आणि मजल्यांचे नकाशे जोडून सब-रजिस्ट्रारकडे नोंदवायचे. टक्केवारी एकदा नोंदली की सर्व मालकांच्या संमतीशिवाय बदलत नाही. म्हणून सहीआधी ती बेरीज स्वतः करून बघावी.

बेरीज कशी करायची ते सांगतो. समजा प्लॉट दहा गुंठ्यांचा, म्हणजे १०,८९० चौरस फूट. फ्लॅट अठरा, आणि प्रत्येकाच्या खरेदीखतात ५५० चौरस फूट हिस्सा लिहिलेला. अठरा गुणिले ५५० म्हणजे ९,९००. मग उरलेले ९९० चौरस फूट कुठे गेले? ते बिल्डरच्या किंवा मूळ जागामालकाच्या नावावरच राहिले. त्याच खरेदीखतात मागच्या पानावर ‘गच्चीवरील व पुढील बांधकामाचे हक्क राखून’ असे एक वाक्य सापडेल. दोन्ही एकत्र वाचले की चार वर्षांनी वर आणखी एक मजला कसा येतो ते समजते. रेरानुसार मंजूर नकाशात असा फेरफार करायला बिल्डर सोडून उरलेल्या खरेदीदारांपैकी किमान दोन तृतीयांश जणांची आगाऊ लेखी संमती लागते. ती बहुतेक वेळा अॅग्रीमेंटमध्येच गुपचूप घेतलेली असते, तेव्हा ते कलम आधी खोडून घ्यावे. टिळकवाडीतले जुने बंगले जॉइंट डेव्हलपमेंटवर (जागा मालकाची, बांधकाम बिल्डरचे, फ्लॅट दोघांत वाटून) दिले जातात, तिथे जागामालकाच्या वाट्याचे फ्लॅट आणि त्याचा हिस्साही याच बेरजेत धरायचा. तो गेला की त्याचे वारस येतात आणि बेरीज आणखी किचकट होते.

डिक्लेरेशनसाठी योग्य वेळ म्हणजे पहिले खरेदीखत होण्याआधीची. तेव्हा मालक एकच असतो आणि एका सहीत काम होते. नंतर करायचे तर सगळ्यांच्या सह्या लागतात. अठरापैकी एक दुबईला, एकाचे निधन होऊन वारसा लागलेला नाही, आणि एकाचे बिल्डरशी भांडण. म्हणून नवा फ्लॅट घेणाऱ्याने खरेदीखतात डिक्लेरेशनचा दस्त क्रमांक व तारीख मागावी. ‘नंतर करून देतो’ असे उत्तर आले तर टोकन देण्याआधी थांबावे. रेरा नोंदणीच्या प्रकल्पात लेखी करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेताच येत नाही.

रेरा कुठे लागतो तेही बघा. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि फ्लॅट आठपेक्षा जास्त असतील तर नोंदणी सक्तीची. पूर्ण पाच गुंठे म्हणजे ५,४४५ चौरस फूट, जवळपास ५०६ चौरस मीटर. आपल्याकडे ‘पावणेपाच गुंठ्यांत आठ फ्लॅट’ अशा इमारती एवढ्या का निघतात, ते या आकड्यावरून कळते. १९७२ चे कायदे मात्र त्यांनाही चुकत नाहीत.

आता ओसी, म्हणजे इमारत वापरायला दिलेला दाखला (ऑक्युपन्सी सर्टिफिकेट). बांधकाम परवाना दाखवून ‘कॉर्पोरेशनचे सगळे झाले आहे’ असे सांगितले जाते. परवाना बांधायचा असतो, राहायचा नव्हे. महापालिका कायदा १९७६, कलम ३१० खाली काम पूर्ण झाल्याची नोटीस देऊन वापराची परवानगी घ्यावी लागते. ती अडते कशामुळे? बहुधा स्टिल्टमधले, म्हणजे खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्यातले, पार्किंग बुजवून दुकानगाळे काढलेले असतात, किंवा बाजूची सोडायची जागा कमी केलेली असते. या गाळ्यांचा दुसराही त्रास आहे. १९७२ चा अपार्टमेंट कायदा निवासी इमारतीसाठी आहे, त्यामुळे दुकाने मिसळली की संघ कुठल्या कायद्याखाली नोंदवायचा यावरच वाद सुरू होतो. शिवाय रेरानुसार सामायिक जागा संघाच्या नावावर करून देण्याची तीन महिन्यांची मुदत ओसीपासून मोजतात. ओसीच नाही तर घड्याळ सुरूच होत नाही. बिल्डरला ओसीची घाई नसते ती यामुळेच. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ओसी बघूनच वीज-पाण्याचे कनेक्शन द्यायला सांगितले. तात्पुरत्या मीटरवर चाललेल्या इमारतींना याची झळ लागते.

उघडे पार्किंग सामायिक असते. ते वेगळे पैसे घेऊन ‘विकले’ असेल तर त्या पावतीला अर्थ नाही. मेंटेनन्स सगळ्यांना सारखा की चौरस फुटाप्रमाणे, हे भांडणही निरर्थक आहे, कारण कायद्यानुसार सामायिक खर्च हिश्श्याच्या टक्केवारीने वाटायचा असतो. लिफ्टचा परवाना बिल्डरच्या नावावर राहिला असेल तर तो संघाच्या नावावर करून घ्यावा. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. पण तक्रार लेखी आणि तारखेसह हवी. व्हॉट्सअॅपवर नुसता गळतीचा फोटो टाकून भागत नाही.

शेवटी भाषेचे. हे कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतात आणि आपली वयस्क मंडळी ‘इथे करा’ म्हटले की सही करतात. ज्याला दोन्ही भाषा येतात त्याच्याकडून किमान चार गोष्टी मराठीत लिहून घ्याव्यात: हिस्सा, राखीव हक्क, सामायिक जागांची यादी आणि संमतीची कलमे. महापालिका आणि ‘बुडा’ (बेळगाव नगरविकास प्राधिकरण) यांनी ओसी देताना नोंदवलेल्या डिक्लेरेशनची प्रत मागायला सुरुवात करावी, आणि सब-रजिस्ट्रार कार्यालयाने त्याचा एक भरलेला नमुना मराठी अर्थासह भिंतीवर लावावा.

आपला,
एक फ्लॅटधारक, टिळकवाडी, बेळगाव