नशेच्या धंद्यात तारण पडते ते घर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमली पदार्थांच्या व्यापारावरील चित्रपटांचा आढावा घेणारा लेख वाचला. लेख माहितीपूर्ण आहे. परंतु त्यातले जवळजवळ सगळे चित्रपट महानगरांतल्या टोळ्यांचे आणि त्यांच्या म्होरक्यांचे आहेत. हाच धंदा खेड्यात शिरल्यावर घराघरांत काय होते, हे फार नेमकेपणाने दाखवणाऱ्या ‘विंटर्स बोन’चा (2010) त्यात उल्लेखही नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

डेब्रा ग्रॅनिक यांनी सुमारे 20 लाख डॉलरमध्ये केलेल्या या स्वतंत्र निर्मितीला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात अमेरिकी कथापटांसाठीचे परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि पुढे ऑस्करची 4 नामांकनेही. मिसुरी राज्याच्या ओझार्क डोंगराळ भागातल्या 17 वर्षांच्या री डॉलीचा बाप मेथ हा अमली पदार्थ बनवणारा. अटक झाल्यावर सुटकेसाठी त्याने राहते घर आणि झाडीची जमीन तारण लिहून दिली आणि तो बेपत्ता झाला. तारखेला तो कोर्टात उभा राहिला नाही तर घर जाणार. आणि घरात मनाने खचून मुकी झालेली आई व दोन लहान भावंडे. बापाला शोधणे किंवा तो मेल्याचा पुरावा आणणे, एवढेच रीच्या हाती उरते.

धंद्यावरच्या या चित्रपटात धंदा जवळजवळ दिसतच नाही. दिसते ती भावकी. ज्याच्या दाराशी री जाते तो कुठल्या ना कुठल्या नात्याने तिचाच, आणि प्रत्येकाचे तोंड बंद. एक नातलग तिला जळून गेलेल्या घराशी नेतो आणि माल बनवताना स्फोट होऊन तुझा बाप इथेच मेला, असे सांगतो. री आत डोकावते. जळक्या भिंतींमध्ये हनुवटीएवढे गवत वाढलेले आहे, म्हणजे आग लागून वर्ष तरी लोटले असणार, हे तिच्या लगेच लक्षात येते. फसवायला आलेला माणूस नात्यातला आणि फसवणूक ओळखायला उपयोगी पडते ते रानाचे ज्ञान. गावातल्या गुन्ह्याचे इतके खरे चित्रण मी तरी क्वचितच पाहिले आहे.

दुसरी बाब जामिनाची. घर आणि जमीन मिळूनही जामिनाची रक्कम पुरी भरत नव्हती. उरलेली रोकड कोणी अनोळखी माणूस आणून देऊन गेला, असे कळते. बाप पोलिसांना माहिती पुरवू लागला होता, हे उलगडल्यावर त्या रोकडीचा अर्थ लागतो: त्याला तुरुंगातून सोडवले ते प्रेमापोटी नव्हे, तर तो हाती लागावा म्हणून. दिग्दर्शिका हे कुठेही समजावून सांगत बसत नाही, प्रेक्षकावर सोडते. रीला मारहाण करणाऱ्या बायका आणि शेवटी रात्री तळ्यावर नेऊन तिला पुरावा मिळवून देणाऱ्या बायका या एकाच घरातल्या.

गरिबीचे प्रदर्शन मांडले, असा आक्षेप अशा चित्रपटांवर नेहमी घेतला जातो. येथे तो मला पटत नाही. चित्रीकरण मिसुरीतच, स्थानिक लोकांच्या घरांत झाले आणि बऱ्याच भूमिका तिथल्याच माणसांनी केल्या. शिवाय री कोणाची कीव मागत नाही. ती भावंडांना बंदूक धरायला आणि खार सोलायला शिकवते, कारण उद्या आपण नसलो तर, हा हिशेब तिच्या डोक्यात पक्का आहे.

मी दौंड तालुक्यात राहतो. फेब्रुवारी 2024 मध्ये आमच्याच कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून पुणे पोलिसांनी मेफेड्रोनचा, म्हणजे बोलीतल्या एमडीचा, प्रचंड साठा पकडला. त्याआधी ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकजवळचे शिंदे गाव आणि कुरकुंभनंतरच्या महिन्यात, मार्च 2024 मध्ये, कवठेमहांकाळ तालुक्यातले इरळी बातमीत आले. आपल्याकडे पैसे घेऊन जामीन राहणाऱ्या, अमेरिकेतल्यासारख्या पेढ्या नाहीत आणि व्यापारी प्रमाणातल्या साठ्याच्या गुन्ह्यात एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 37 मुळे जामीन मिळणेही अवघड; त्यामुळे रीची गोष्ट इथे तशीच्या तशी घडणार नाही. पण एरवी आपल्याकडेही जामीनदाराला सातबारा आणि ऐपतीचा दाखला दाखवावा लागतोच, आणि तो जामीनदार बहुधा चुलता, मेहुणा नाहीतर शेजारी असतो.

या छाप्यांच्या बातम्यांत मालाची किंमत कोटींत छापून येते, आरोपींची संख्या येते आणि विषय संपतो. आरोपींच्या घरी मागे कोण राहिले, वकिलाची फी कोणी भरली, त्यासाठी कोणाची जमीन गहाण पडली, यांविषयी एक ओळही वाचायला मिळत नाही. पुरवणीच्या पुढील लेखात या चित्रपटाला जागा मिळावीच. शिवाय आपल्या तालुका वार्ताहरांनी नावे न छापता अशा दोन-चार घरांची हकीकत लिहावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक
दौंड, जि. पुणे