मुक्ता, खिडकी मोकळी ठेव

अंबरनाथ
मे महिन्याचा शेवटचा आठवडा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल त्या खिडकीला लावलेल्या कपाटावरून बोलताना फोन तू आधी ठेवलास की मी, यावर आईचं आणि माझं एकमत होत नाहीये. तो विषय सोडू. फोनवर मी बोललो की तुला तो ओरडा वाटतो आणि तू गप्प झालीस की मला पुढचं सुचत नाही. म्हणून लिहायला बसलो.

खोलीचे फोटो आईने तीनतीनदा बघितले, शेजारच्या काकूंनाही दाखवले. आठ बाय दहाची का असेना, अंधेरीत, स्वतःच्या पगारातून डिपॉझिट भरून घेतलेली खोली. इथून दादर, दादरहून पुन्हा गाडी बदलून अंधेरी, आणि रात्री अकराला परत, हे तुझं दोन वर्षं बघत होतो. तू गेलीस ते बरंच केलंस. घर रिकामं वाटतं, ते आमचं आम्ही बघू.

तू काढलेल्या नकाशाची मी प्रिंट काढून आणली. आलेख कागदावर एक फुटाला दोन घरं, आणि दार उघडतं तो पाव वर्तुळाचा फेराही दाखवलेला. मी ऑफिसात लागलो तेव्हा साहेबांनी पहिल्या आठवड्यात शिकवलं ते हेच, की दार कुठे उघडतं ते दाखवल्याशिवाय नकाशा पुरा होत नाही. तुला ते कुणी सांगितलं नव्हतं. लहानपणी माझ्या ड्रॉइंग बोर्डाच्या कडेला हनुवटी टेकवून उभी राहायचीस, तेवढ्यावर आलं. ती प्रिंट माझ्या फाइलीत लावून ठेवली आहे.

पण मुक्ता, ते कपाट खिडकीवरून काढ.

तू म्हणालीस, "बाबा, सरकती खिडकी आहे, तशीही निम्मीच उघडते. मी झाकली ती न उघडणारी निम्मी." हिशेब बरोबर आहे. पण सरकत्या खिडकीत कुठली बाजू उघडी ठेवायची हे वारा बघून ठरवायचं असतं. पाऊस डावीकडून येत असेल तर उजवीकडची काच सरकवायची. तुझी भिंत पश्चिमेची, जून ते सप्टेंबर सगळा मारा तिकडूनच येणार. उघडी ठेवायला तुझ्याकडे एकच बाजू उरली. पाऊस त्या बाजूने आत आला की तू काच लावून घेशील, आणि मग दिवसभर खोली बंद. शिवाय सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी साचतं. कपाटामागे साचलेलं तुला दिसणारही नाही. कपाटाचा मागचा पत्रा गंजेल, भिंतीला ओल धरेल, रंगाचे पोपडे निघतील आणि गणपतीपर्यंत मागे काळी बुरशी पसरलेली असेल. मुंबईतल्या पश्चिमेच्या भिंती मी आयुष्यभर बघत आलो आहे.

आकडे तुला पटतात म्हणून आकडे देतो. आपल्याकडे राष्ट्रीय इमारत संहिता आहे. दमट, उष्ण हवेच्या गावात खोलीला जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान सहाव्या भागाइतकी खिडकी हवी, असं ती सांगते. तुझी जमीन ८० चौरस फूट, सहावा भाग झाला सव्वातेराच्या आसपास. तुझी खिडकी ४ बाय साडेतीन, म्हणजे १४. बांधणाऱ्याने अगदी काठावर नियम पाळला आहे. तू कपाट लावून त्यातले ७ काढून घेतलेस. उजेडही निम्मा, म्हणून फोटोत भर दुपारी दिवा लागलेला दिसतो. आई म्हणते दिवा फोटोसाठी लावला असेल. मला तसं वाटत नाही.

आता जागेचं. तुझी खरी अडचण जागेची आहे, हे मला कळतं. खिडकी मोकळी कर एवढंच सांगून कपाट कुठे ठेवायचं ते सांगितलं नाही, तर तो सल्ला काय कामाचा! काल रात्री मी मांडून बघितलं.

दाराची भिंत आठ फुटांची. चौकट धरून तीन फूट दाराचे, राहिले पाच. तिथे कोपऱ्यात तुझं साडेतीन फुटांचं कपाट बसतं, तोंड खिडकीकडे. पलंग डाव्या भिंतीला लांबीत. तू म्हणशील मग कपाटाची दारं पलंगाला अडतील. नाही अडणार. दहा फुटांतून कपाटाचे दोन फूट आणि पलंगाचे सव्वासहा वजा कर, पावणेदोन फूट उरतात, म्हणजे २१ इंच. पलंग खिडकीच्या भिंतीपासून तीन इंच आणि कपाट मागच्या भिंतीपासून दोन इंच सोड, मध्ये १६ राहतात. तीन दारांच्या कपाटाचं एक दार १४ इंचांचं, ते आरामात उघडतं. उशी कपाटाच्या बाजूला घे, पाय खिडकीकडे, म्हणजे पावसाचं तुषार तोंडावर येणार नाही. ही मांडणी केलीस की दारातून खिडकीपर्यंत साडेचार फूट रुंदीचा मोकळा पट्टा मिळतो. त्यात उजव्या भिंतीला दीड फूट खोलीचं, पाय मिटणारं टेबल ठेव. तुला उजेड डावीकडून मिळेल, उजव्या हाताने लिहिणाऱ्याला तोच हवा असतो. दार उघडं ठेवलंस की वारा खिडकीतून सरळ दाराने बाहेर जाईल. वाऱ्याला आत यायला जागा लागते तशीच बाहेर जायलाही लागते, हे लोक विसरतात.

उंचीचा उपयोग कर. जमीन ८० फूटच राहणार, पण भिंती वर साडेनऊ फुटांपर्यंत आहेत आणि तुझ्या फोटोत साडेसहा फुटांवर सगळं संपतं. घरमालकाने करारात भिंतीला भोक पाडायचं नाही असं लिहून घेतलंय, तेव्हा लॉफ्ट विसर. कपाटाच्या डोक्यावर गोधड्या आणि स्वेटर झाकणाच्या डब्यांत भरून ठेव. दाराच्या मागे, वरच्या कडेला अडकवायचे हूक मिळतात, त्यावर बॅग, छत्री, ओढण्या. चिकटवायचे हूक घेऊ नकोस. पावसाळ्यात दमट भिंतीवरून ते पडतात आणि रंगाचा पोपडा सोबत घेऊन येतात, मग तो डिपॉझिटमधून कापला जातो. पलंगाखाली चाकांचे खोके ठेव, म्हणजे केर काढताना ओढता येतील. पेटीचा पलंग घ्यायचा विचार आहे म्हणालीस, तो जरूर घे, पण वरच्या प्लायला हवेसाठी भोकं पाडून घे, नाहीतर गादी खालून घामेजते. आणि प्लाय घेताना ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का बघ. ३०३ चा साधा प्लाय स्वस्त पडतो, पण त्यातही पाण्याला टिकणारा आणि न टिकणारा असे प्रकार असतात, दुकानात ते कुणी आपणहून सांगत नाही.

बघ, पुन्हा शिकवायला लागलो. रागावू नकोस. तुझी खोली आहे, त्या पिवळ्या पडद्यांबद्दल मी काही बोलणार नाही. ते छानच दिसतात. फक्त दर पंधरा दिवसांनी धू. जाड पडद्यात धूळ बसते. आणि गालिचा नको, आईने दिलेली सतरंजी घाल, ती झटकता येते.

डिलाईल रोडच्या खोलीचं मी तुला कितीदा सांगितलंय, तू कंटाळतेस. १६० चौरस फूट आणि आम्ही नऊ माणसं. एका बाजूला अंधारा बोळ, दुसऱ्या बाजूला एकच खिडकी. पलंगाच्या पायांखाली आजीने विटा घातल्या होत्या, खाली ट्रंका आणि धान्याचे डबे बसायचे. पोटमाळ्यावर काका रात्रपाळी करून येऊन दिवसा झोपायचे, तेव्हा आम्ही खाली कुजबुजत बोलायचो. सकाळी गाद्यांची वळकटी झाली की तीच बसायची जागा. प्रत्येक वस्तूला खुंटी होती, आणि दुसऱ्याच्या खुंटीला आपला सदरा लावला तर आजी खाली काढून टाकायची. कमी जागेत राहायचं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. जागा आम्हाला पुरत होती.

आजीचं स्वप्न होतं कपाटाचं. दादांना दिवाळीचा बोनस मिळाला आणि लोखंडी कपाट आलं, आरशाचं. पूर्ण मजल्यावरच्या बायका बघायला आल्या. ठेवायला जागा नव्हती म्हणून ते खिडकीला लावलं, निम्म्या खिडकीला. कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात सुमनआत्याची गादी असायची, तिला आडोसा मिळाला म्हणून ती खूश होती.

पुढचं तुला माहीत आहे. शिवडीच्या क्षयाच्या इस्पितळात सुमनआत्याचा डबा घेऊन मी जायचो. आजारामुळे काय झालं आणि अंधारामुळे काय, ते वेगळं काढता येत नाही. जंतू कपाटातून येत नाहीत, एवढं मला समजतं. पण तिथल्या डॉक्टरांनी आजीला पहिला प्रश्न विचारला तो औषधाचा नव्हता. त्यांनी विचारलं, "ही झोपते कुठे? तिथे खिडकी आहे का?" आजी घरी आली, कपाट दोन माणसांकडून बोळात काढलं, आणि ते परत आत आलं नाही.

हे मला लिहायचं नव्हतं. आईने तर बजावलं होतं, की पोरीला पहिल्या खोलीत असल्या गोष्टी सांगू नका. तुला क्षय होईल असं मी म्हणत नाही. पण तिसरीत असताना जुलैत तुला दम लागला होता. आई तुला खांद्यावर घेऊन खिडकीपाशी उभी होती आणि मी तिच्यामागे उभा राहून तुझी छाती वर-खाली होताना मोजत होतो. बोलता येत नव्हतं तुला. हाताने खिडकी दाखवत होतीस, अजून उघडा म्हणून. ती पूर्ण उघडी होती. आता तू म्हणतेस, दमा लहानपणी होता, गेला. देव करो आणि गेलेला असो. पण बुरशीने तो परत जागा होतो, हे तुझ्या डॉक्टरांनीच आम्हाला सांगितलंय. म्हणून एवढं मागे लागतो. उदबत्ती आणि वासाच्या मेणबत्त्याही बंद खोलीत नकोत, फोटोत मेणबत्ती दिसली.

काकांचा परवा फोन होता. त्यांच्या बीडीडी चाळीचंही आता नवीन बांधकाम होईल. वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी बांधलेल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्या, तेव्हापासून ते रोज नवीन घराचीच भाषा बोलतात. १६० फुटांतून ५०० फुटांत जायचं, या वयात. मला म्हणाले, नकाशा काढून ठेव, काय कुठे ठेवायचं ते. मी त्यांनाही पहिल्यांदा हेच सांगितलं, की आधी खिडक्यांसमोर खडूने रेघ मारा आणि रेघेच्या पलीकडे काही ठेवू नका. त्यांनी लगेच ऐकलं.

तू लगेच ऐकावंस असं माझं म्हणणं नाही. तुझी पद्धत वेगळी आहे, तू विचार करून ठरवतेस, आणि तुझे निर्णय आजवर चुकलेले मला आठवत नाहीत. ही नोकरी नको म्हणून मी किती बोललो होतो. घेतलीस, आणि वर्षाच्या आत त्यांनी तुला वरची जागा दिली. तेव्हा तुझी मांडणी माझ्यापेक्षा चांगली निघाली तर मला आनंदच आहे. खिडकी सोडून बाकी सगळं तुझ्या मनाप्रमाणे कर.

रविवारी सकाळच्या गाडीने येतो. टेप, लेव्हल आणि लाकडी पाचरा घेऊन येतो, कारण जुन्या इमारतीच्या लाद्या सरळ नसतात आणि उंच कपाट पुढे झुकलं तर धोकाच. कपाट वरून भिंतीला दोन छोट्या अँगलनी बांधायला हवं, त्यासाठी घरमालकांना फोन करून चार स्क्रूंची परवानगी मागून ठेव. सुरक्षेसाठी आहे म्हटल्यावर नाही म्हणणार नाहीत. शनिवारी रात्री कपाट रिकामं करून ठेव, भरलेलं ओढलं की पाय वाकतात. ओढताना एकटी हात लावू नकोस, तुझ्या मैत्रिणी असतील तर त्यांना थांबायला सांग. कपाट भिंतीपासून निदान दोन इंच सुटं ठेवायचं आहे, मागून हवा जायला. आई वेखंडाच्या पुरचुंड्या शिवून देतेय कपड्यांत ठेवायला, आणि थालीपीठाची भाजणी.

बाकी कुशल.

तुझे,
बाबा

ता. क. आई विचारते, दम्याच्या पंपावरची मुदतीची तारीख बघितलीस का? आणि तो कपाटात ठेवू नकोस, उशाशी ठेव. तारीख बघून आजच कळव.