पोस्टमास्तरची पोरगी

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, हे सगळं फोनवरच सांगणार होते. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं नाही हे तुम्ही कबूल करत नाही. नुसतं ‘हां, हां, बरं’ म्हणता आणि फोन आईकडे देता. म्हणून लिहितेय. दादा वाचून दाखवेल. त्याला म्हणावं, मधलं काही गाळू नकोस.

तर तुमच्या पलटणीतल्या निवृत्त फौजींच्या साताऱ्याच्या मेळाव्याला तुमच्या वतीने मी जाऊन आले. शनिवार-रविवार, दोन्ही दिवस. नऊचं आमंत्रण म्हणून मी नऊला पाच कमी असताना पोचले, तर मीच शेवटची. चहा होऊन गेलेला, खुर्च्या दोरी धरून मांडल्यासारख्या, आणि दारात टेबलावर वही घेऊन बसलेले काका मान वर न करता म्हणाले, “नंबर?” मी मोबाईल नंबर सांगायला लागले. “तो नव्हे. फौजी नंबर.” आणि बाबा, माझ्या तोंडून तुमचा नंबर घडाघडा बाहेर पडला. मला तो पाठ आहे हे मलाच माहीत नव्हतं. काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात होता ना तो. त्या ट्रंकेवर बसून मी अभ्यास केलाय, आकडे तिथेच गिरवले असणार. काकांनी तेव्हा कुठे वर बघितलं. मग मागे वळून ओरडले, “अरे, पोस्टमास्तरची पोरगी आली!”

तुम्हाला पोस्टमास्तर म्हणतात, हे आम्हाला या वयात कळावं? आई, तुला माहीत होतं का?

आधी तुमच्या रागाचं सांगते. मागच्या खेपेला पाहुण्यांची वाट बघत तुम्हा सगळ्यांना दोन तास उन्हात बसवलं, आणि तेव्हापासून तुम्ही जाणं सोडलंत. यंदा पाहुणाच नव्हता. 4 फेब्रुवारीच्या, म्हणजे मराठा रेजिमेंटच्या दिवसाच्या, मागचा-पुढचा शनिवार-रविवार धरायचा आणि कुणालाही बोलवायचं नाही, असं त्यांनी ठरवलंय म्हणे. व्यासपीठ नाही, हार नाहीत. नव्या मुलांपैकी एकाने तानाजी आणि कोंढाणा यावर बोलायला सुरुवात केली, त्यालाही पाच मिनिटांत ‘बस खाली’ झालं. तेव्हा तो राग आता सोडायला हरकत नाही. गुडघ्याचं कारण मात्र मी सगळ्यांना रंगवून सांगितलं.

सकाळी हजेरी झाली. मागच्या मेळाव्यानंतर जे गेले त्यांची नावं आधी घेतली, नंबर, हुद्दा, नाव, गाव असं. प्रत्येक नावानंतर हजेरी घेणारे क्षणभर थांबत होते, जणू कुणी ‘हाजिर साहेब’ म्हणेल. नऊ नावं झाली. मग मोबाईलवरून लास्ट पोस्टचं बिगुल लावलं, आणि अगदी मधोमध त्याच मोबाईलवर कुणाचा तरी फोन आला. देवाचं गाणं वाजलं मोठ्याने! मी घाबरून आजूबाजूला बघितलं. एकही माणूस हलला नाही. काठी टेकून उभे असलेलेही नाहीत. गाणं संपलं, बिगुल पुन्हा पहिल्यापासून लावलं, आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून उभे.

दुपारी कागदपत्रांचं टेबल होतं. हेच खरं कामाचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आईने दिलेली निळी फाईल मी नेली होती. टेबलावर एक निवृत्त सुभेदार, सगळी नोकरी क्लार्कीत गेलेले. चष्मा कपाळावर, एका हातात तुमच्या डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स, दुसऱ्या हातात आईचं आधार कार्ड. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि मला म्हणाले, “बाई, साहेबांना दोन बायका दिसतात.”

डिस्चार्ज बुकात पत्नीचं नाव शेवंता आहे. आधारवर, बँकेत, रेशनकार्डावर, सगळीकडे सुनंदा. जन्मतारखेच्या जागी नुसतं साल, तेही आधारशी जुळत नाही. ते म्हणाले, घाबरू नका, आपल्याकडे दर चार फायलींत एक अशी असते. लग्नात नाव बदलायचं आणि कागदावर बदलायचं राहून जायचं. पण हे आत्ताच, साहेब स्वतः सही करू शकतात तोवर निस्तरा. लिहायला बरं वाटत नाही, पण लिहिते: पुढे कधी फॅमिली पेन्शन लागायची वेळ आली, तर आईला हेलपाटे पडतील. आता पेन्शन स्पर्शवर, म्हणजे फौजेच्या ऑनलाइन पेन्शन यंत्रणेवर आहे, प्रयागराजहून निघते, आणि तिथल्या संगणकाला शेवंता आणि सुनंदा या दोन वेगळ्या बाया. त्यांच्याच टेबलावर कोरेगावकडच्या एक काकू बसल्या होत्या. नवरा जाऊन चौदा महिने झालेत, आणि त्या अजून ‘मीच ती’ हे पटवून देताहेत. बोटाने टेबलावरचा एकच डाग पुसत होत्या, पुन्हा पुन्हा.

बाबांना खूश करणारी एक गोष्टही कळली. 80 पूर्ण झाली की पेन्शनीत 20 टक्के वाढ, 85 ला 30 टक्के, आणि शंभरी गाठली तर मूळ पेन्शन दुप्पट. सुभेदारसाहेब म्हणाले, “सरकारची पैज आहे साहेबांशी, सांगा त्यांना.” पाच वर्षं राहिली. फिजिओथेरपीवाल्या मुलाला परत पाठवू नका.

रात्री बडाखाना. मटण, भाकरी, जिरेसाळीचा भात. कँटीनच्या कोट्यातली रम होती, पण अर्ध्या लोकांना शुगर, उरलेल्यांना बीपी. ग्लास हातात धरून नुसते वास घेत बसलेले फौजी मी पहिल्यांदा बघितले. 71 ला पलटणीत असलेले आता अकराच जण आले होते. त्यांनी मला मध्ये बसवलं आणि जमालपूर सुरू झालं, 71 च्या लढाईतलं, आताच्या बांगलादेशातलं.

बाबा, तुम्ही आम्हाला जमालपूरचं काय सांगितलंत? चिखल होता, थंडी होती, गूळ-चणे होते. एवढंच. पाटणच्या काकांनी सगळं सांगितलं. ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी 9 डिसेंबरला शरण येण्याबद्दल चिठ्ठी धाडली. नेणारा तिथल्याच एका गावचा म्हातारा. तिकडच्या पाकिस्तानी कर्नल सुलतान अहमदचं उत्तर आलं, ते चिठ्ठीत बंदुकीची गोळी गुंडाळून. आणि दुसऱ्या रात्री ती फौज जमालपुरातून निसटायला निघाली ती नेमकी तुमच्या जंगी पलटणीच्या तोंडावर. तुमचे सीओ ब्रार साहेब, त्यांनी रस्त्यावर मोर्चे लावून ठेवले होते. सांगताना काकांचा आवाज चढला नाही, उलट उतरत गेला. पहाट झाल्यावर रस्ता कसा दिसत होता, तिथे येऊन ते थांबले आणि म्हणाले, “जाऊ दे. पोरीसमोर नको.” 11 तारखेला जमालपूर पडलं, 16 ला पलटण ढाक्यात. हे दोन आकडे त्यांनी भराभरा उरकले.

मग वडूजचे काका बोलले. तेच, एका कानाने ऐकू येत नाही ते. “गोळीचं पत्र एकदाच आलं, पण कंपनीतली बाकीची पत्रं हिच्या बापाच्या हातची.” ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची इनलँड पत्रं तुम्ही लिहायचात म्हणे. कुणाची म्हैस व्याली का, कुणाच्या बांधाचं भांडण मिटलं का. आणि कुणाला बायकोला लिहायचं असलं आणि सांगायला लाज वाटली, की तुम्ही म्हणायचात, ‘तू चहा पिऊन ये, मी लिहितो.’ परत येईपर्यंत पत्र चिकटवून तयार!

तुम्ही? आम्हाला तुमचं पत्र यायचं ते असं: ‘अभ्यास कर. आईला त्रास देऊ नये. इथे थंडी आहे.’ पोस्टमास्तर!

मी सहज त्या दोन नावांचं बोलले, तर वडूजच्या काकांनी ग्लासच खाली ठेवला. म्हणाले, मी होतो ना तिथे. लग्नाची छुट्टी संपवून तुम्ही परत आलात, पार्ट टू ऑर्डर काढायला, म्हणजे लग्नाची नोंद करायला क्लार्ककडे गेलात, हे तुमच्याबरोबर. क्लार्कने बायकोचं नाव विचारलं. तुम्ही म्हणालात, शेवंता. काका म्हणाले, अरे, मी लग्नाला आलो होतो, ताटातल्या तांदळात तू अंगठीने सुनंदा लिहिलंस. तर तुमचं उत्तर: “ते घरच्यांनी ठरवलं. मला दाखवली तेव्हा ती शेवंता होती.”

आई, आजीनंतर तुला त्या नावाने हाक मारणारं कुणी राहिलं नाही, असं तू एकदा म्हणाली होतीस. तुझं ते नाव बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात आहे. पन्नास वर्षं.

रविवारी सकाळी बसने आपशिंग्याला नेलं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण कामी आले, त्यांच्या स्मारकाला फूल वाहिलं, चहा झाला, आणि गावातली भरतीची तयारी करणारी पोरं म्हाताऱ्यांना छातीचं माप कसं घेतात ते विचारत बसली. मला निघायचं होतं, मी फार थांबले नाही.

आता कामं. दादाला सांगा, प्रतिज्ञापत्र नाशिकलाच करून घ्यायचं, शेवंता आणि सुनंदा एकच, असं. तुम्हा दोघांच्या सह्या, फोटो. आधार, पॅन, डिस्चार्ज बुकाच्या दोन-दोन प्रती. मग अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून बेळगावला जाईल. लग्नाचा दाखला तर तुमचा नाहीच, पण सुभेदारसाहेब म्हणाले, लग्नपत्रिका असली तर जोडा, असला कागद उपयोगी पडतो. आई, माहेरच्या पत्रिकेवर शेवंताच छापलं असणार. मामाकडे देवघराच्या खणात बघायला सांग. आणि तुला सही ‘सुनंदा उर्फ शेवंता’ अशी लागेल बहुतेक, दोन-चारदा गिरवून ठेव.

रमची एक बाटली तुमच्या वाटणीची म्हणून दिलीय. ती माझ्याकडेच आहे आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघणार नाही.

तुमची,
धाकटी

ता. क. वडूजचे काका म्हणतात, तुम्ही त्यांचे अकरा रुपये देणं लागता. कशाचे ते त्यांनी सांगितलं नाही, म्हणाले त्याला माहीत आहे. मी द्यायला गेले तर घेतले नाहीत. पुढच्या वर्षी त्यानेच आणून द्यावेत म्हणे.