टॉनिकची जाहिरात छापता तर मागचं लेबल पण छापा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी पुरवणीत हिमोग्लोबिनवर डॉक्टर मॅडमचा लेख होता, चांगला होता, बायकोने कापून ठेवला. आणि पान उलटलं तर अर्ध्या पानाची जाहिरात, डावीकडे गालफडं बसलेला माणूस, उजवीकडे तोच माणूस छाती काढून उभा, खाली "गेलेली ताकद 30 दिवसांत परत". कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं की दाव्यांची जबाबदारी पेपरची नाही. हसू पण आलं आणि राग पण आला.

मी गांधीबागेत होलसेलला आणि मग नंदनवनकडे एका मेडिकलवर मिळून 22 वर्षं काउंटरला उभा होतो, म्हणून सांगतो, टॉनिक हा काउंटरचा सगळ्यात लाडका माल. चिठ्ठी लागत नाही, मार्जिन बरं, वरून स्कीम, दहावर दोन फ्री. गिऱ्हाईक येऊन म्हणतं "भाऊ, लय कमजोरी वाटून राहिली, काहीतरी चांगलं द्या नं", की आपला हात आपोआप त्या रॅककडे जातो. कमजोरी कशाची हे कोणी विचारत नाही, आम्ही पण नाही. शुगर असो, थायरॉइड असो, टीबी असो, रात्रपाळी असो, बाटली तीच.

त्यात "पेटंट औषध" म्हटलं की लोकांना वाटतं सरकारने पास केलेलं काहीतरी भारी. तसं काही नसतं हो. आयुर्वेदिकमध्ये पेटंट म्हणजे एवढंच की घटक ग्रंथातले, पण फॉर्म्युला ग्रंथातला नाही, कंपनीने आपला जुळवलेला. शोधाचं पेटंट घ्यावं लागतं त्याच्याशी याचा संबंध नाही.

आणि फरक पडतो म्हणतात ते खोटं पण नसतं, तीच तर गंमत आहे. भूक लागायच्या सिरपमध्ये बरेचदा सायप्रोहेप्टाडीन असतं, ते मुळात अ‍ॅलर्जीचं औषध, त्याने भूक वाढते आणि पोरगं वर्गात पेंगतं. आसव-अरिष्टात आंबवल्यामुळे आपोआप तयार झालेला अल्कोहोल असतो, लेबलवर लिहिलेलं पण असतं, वाचतं कोण? आमच्या गल्लीतले एक काका, दारूला आयुष्यात हात लावला नाही, रोज संध्याकाळी दोन झाकणं घेतात आणि म्हणतात तरतरी येते. येणारच नं! अमेरिकेत असल्या बाटल्यांचा एवढा सुळसुळाट झाला होता की 1906 च्या कायद्याने अल्कोहोल, अफू, मॉर्फिन किती आहे ते लेबलवर छापायलाच लावलं. आणि वजन वाढवायच्या बिनलेबलच्या पुड्यांत तर कोणी स्टेरॉइड घातलेलं असतं, चेहरा गोल गरगरीत होतो, घरचे म्हणतात पोरगा भरला, आणि एकदम बंद केलं तर जीवावर बेततं.

आता माझंच सांगतो. आमच्या मागच्या गल्लीत एक बाई धुणीभांडी करते, तिची पोरगी अकरा वर्षांची, फिक्कट, डोळे जरा पिवळसर, रात्री गुडघे दुखतात म्हणून रडायची. आई पर्समध्ये घडी घातलेलं जाहिरातीचं कात्रण घेऊन आली, तुमच्याच पेपरातलं, "हेच द्या, रक्त वाढते म्हणते". मी दिली. एक नाही, तीन महिन्यांत चार बाटल्या, आणि वरून शहाणपणाने म्हटलं पण की कोर्स अर्धवट सोडू नका. डोळे पिवळे दिसत होते मला, काउंटरवरूनच दिसत होते. मग एक दिवस ताप आणि अंग असं दुखलं की पोरगी उभी राहीना, सरकारी दवाखान्यात नेलं, तपासणी झाली, सिकलसेल निघाला, म्हणजे रक्ताचा जन्मजात आजार. दोन पिशव्या रक्त चढवलं. तिथल्या डॉक्टरने आईला समजावून सांगितलं की हिच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यातलं लोह शरीरातच राहतं, चढवलेल्या रक्तातलं लोह त्यात आणखी भर, म्हणून तपासल्याशिवाय लोहाचं टॉनिक द्यायचंच नाही. आता फोलिक अ‍ॅसिड आणि हायड्रॉक्सियुरिया चालू आहे, दोन्ही तिथे फुकट मिळतात.

विदर्भात सिकलसेल किती घरांत आहे हे तुमच्याच पेपरात कितीदा येतं, आणि तोच पेपर सगळ्यांना सरसकट "रक्तवर्धक" विकतो. ज्याला खरंच लोह कमी आहे त्याने पण हिशोब करावा, टॉनिकच्या लेबलवर 160 मिग्रॅ फेरिक अमोनियम सायट्रेट (लोहाचा क्षार) लिहिलेलं असलं तर त्यात लोह साधारण 33 मिग्रॅ, आणि गरोदर बाईला आरोग्य केंद्रात फुकट मिळणाऱ्या लाल गोळीत 60 मिग्रॅ. पण गोळीला ना खोका, ना छाती काढलेला माणूस.

बरं, कायदा नाही असं पण नाही. 1954 चा औषध आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे, ज्यांच्यावर इलाज म्हणून औषधाची जाहिरात करायची नाही त्या त्याच्या यादीत मधुमेह, लठ्ठपणा, लकवा, उंची, पुरुषांची ती नेहमीची कमजोरी, सगळं आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. 1945 च्या औषध नियमांच्या शेड्यूल जे मध्ये तर तारुण्य परत आणणं आणि स्मरणशक्ती वाढवणं हे दावे पण करू नका म्हणून लिहिलंय. आणि 1954 च्या कायद्यात नुसता कंपनीवाला नाही, अशी जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणारा कोणीही येतो. म्हणजे मुंगीएवढ्या अक्षरातली ती ओळ कितपत कामाची आहे ते तुमच्या वकिलाला विचारून बघा. जाहिरातीशिवाय पेपर चालत नाही हे कळतं हो, आमचं दुकान पण स्कीमवरच चालायचं.

एकच करा. पुढच्या वेळी अशी जाहिरात घ्याल तेव्हा कंपनीवाल्यांना म्हणा मागचं लेबल पण तेवढ्याच मोठ्या टाइपात द्या, कशात काय किती आहे ते. आणि हे पत्र छापलं तर कृपया त्या जाहिरातीच्या बाजूलाच छापा, कात्रण त्या बाईला नेऊन द्यायचं आहे, जुनं अजून तिच्या पर्समध्येच आहे.

आपला एक वाचक,
नंदनवन, नागपूर